सभासद एकशे बारा

राजारामपुरी, सातवी गल्ली, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
रात्री साडेनऊला चौदाव्या फेरीवर
गाडी पुन्हा अडली.
लाल अक्षरांत तेच:
मॅट्रिक्स सिंग्युलर आहे, व्यस्त निघत नाही.

सीड बदलून पाहिला,
जसा काही दोष पेरणीतच होता.
फेऱ्या वाढवल्या, घटवल्या.
शेवटी कर्णावर मीठ भुरभुरावं तसा
एक बारीकसा आकडा टाकला.
चाललं.
पण चाललं म्हणजे बरोबर आलं असं नाही,
हे कोरगावकर बाईंनी पहिल्याच वर्षी
माझा अख्खा अहवाल परत देऊन शिकवलं होतं.

म्हणून यंत्र बाजूला सारलं
आणि तांदूळ निवडायला बसावं तशी
रकाने निवडायला बसले.

फॅटची सरासरी पावणेचार.
म्हशीच्या दुधाची!
गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण पिणाऱ्याला सांगा,
पेला खाली ठेवून तोंडाकडे बघेल.
खाली गेले तर साधारण दर पाचव्या ओळीत
मायनस नऊ.
'नोंद नाही' असं लिहायची ही
माझ्याआधी इथं बसणाऱ्या पोराची रीत.
यंत्राला कुठली रीत? त्याला वाटलं,
करवीर तालुक्यात असंही दूध निघतं.

ते पुसलं. पुन्हा चौदावी फेरी, पुन्हा लाल.

मग फॅट, लॅक्टोमीटर, एसएनएफ
शेजारी शेजारी लावले आणि एकटीच हसले.
एसएनएफ तिथं कोण मोजतंय?
लॅक्टोमीटरच्या आकड्याला चारनं भागायचं,
फॅटचा पाचवा हिस्सा मिळवायचा,
वर ठरलेलं चिमूटभर.
तीन साक्षीदार उभे केले होते मी,
तिसरा पहिल्या दोघांचंच पाठ करून आलेला.
आणि मी तीन दिवस
न्यायाधीशाला शिव्या घालत होते.

तिसऱ्याला घरी पाठवलं.
सरसर चाळीस फेऱ्या झाल्या.
पाच संच निघाले, पाचही भरलेले,
एक भोक शोधून सापडेना.
खाली दुकानाचं शटर पडलं.
मी चहा मागवायला उठले
आणि उठता उठता सभासद एकशे बारावर नजर गेली.

दहा फेब्रुवारीपर्यंत तिच्या नोंदी शाईच्या.
अकरापासून मार्च संपेतो
सगळ्या आम्ही भरलेल्या.
चार पॉइंट दोन लिटर. तीन पॉइंट नऊ. चार पॉइंट चार.
एवढे सलग दिवस कुणी विसरत नाही.

दहा वाजून गेले होते, तरी
सांगरूळच्या वाटेवरच्या त्या संस्थेच्या सचिवांना,
तवनाप्पा मगदुमांना, फोन लावला.

'एकशे बारा? हौसाक्का कुंभार की ओ.
म्हस गेली त्यांची. पान लागलं, वैरणीत हुतं जनावर.
व्हय, मीच ठेवलं कोरं.
शून्य लिवायला हात हुईना, मॅडम.
शून्य म्हंजे दूध घातलं न्हाई.
आठ वर्सं एक सांज चुकली न्हाई तिची,
तिच्या नावावर शून्य कसं लिवू?'

माझ्याकडे कोऱ्या जागेचे दोनच प्रकार होते:
योगायोगानं कोरी,
आणि इतर रकान्यांवरून ओळखता येईल अशी कोरी.
तिसरा पुस्तकात वाचला होता,
परीक्षेपुरता.

मी काही बोलले नाही. एकशे बाराच्या ओळी
एकेक करून निवडत राहिले,
पाच संचांत पाच वेळा.
की दाबल्याचा आवाज पलीकडे जात असावा.

'तुमच्याकडं मशिनीत
किती निघालंय म्हणायचं तिचं?'

सांगू की नको, असं झालं.
'सरासरी चार पॉइंट दोन,' म्हणाले. 'संध्याकाळचं.'

बराच वेळ नुसती खरखर.

'बरोबर हाय की,' ते म्हणाले.
'सांजचं तेवढंच द्यायची.'